काळोख काळाच ठेवल्याबद्दल

जुन्या चित्रपटांचा जीर्णोद्धार करणाऱ्या तंत्रज्ञ मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

रहस्यपटाची नवी डिस्क हातात आली की वेष्टनावर दिग्दर्शकाचं नाव ठळक असतं आणि नटनट्यांची त्याहून ठळक. तुमची नावं सापडतात ती आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत अशा टायपात. हे पत्र त्या पानाच्या नावे. तुम्ही जे केलंत त्याचे आभार तर आहेतच, पण करता येत असूनही जे केलं नाहीत त्याचे अंमळ जास्त.

रहस्यपटाचं सगळं भांडवल काळोखात आणि शांततेत असतं, आणि यंत्राला नेमक्या या दोनच गोष्टी बिघाड वाटतात. काळोख दिसला की ते उजळायला धावतं, शांततेत जराशी खरखर ऐकू आली की पुसायला. तिथे हात आवरायला कसब लागतं आणि ते कसब पडद्यावर दिसत नाही.

तुमच्या टेबलावर फिल्मचा डबा येतो तेव्हाच निम्मी लढाई हरलेली असते. १९५० च्या सुमारापर्यंतच्या निगेटिव्ह बहुधा नायट्रेटच्या, म्हणजे पेटायला ठिणगीचं निमित्त पुरे अशा. त्यानंतरच्या ॲसिटेटच्या. या पेटत नाहीत, पण उष्णतेत आणि दमट हवेत कुजतात. झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला की समजायचं, फिल्म आकसायला लागली आहे. आकसणं एक टक्क्याच्या घरात गेलं की फिल्मच्या कडेची भोकं आणि दातेरी चक्राचे दाते जुळेनासे होतात आणि कडा फाटत जातात. म्हणून तुम्ही ती दाते नसलेल्या रोलरांच्या स्कॅनरवरून हळूहळू सरकवता. ४०९६ बाय ३११२ पिक्सेलची, १० बिटची एक फ्रेम सुमारे ५१ एमबीची. सेकंदाला २४ या हिशेबाने शंभर मिनिटांच्या चित्रपटाच्या १,४४,००० फ्रेम होतात, म्हणजे सात टेराबाइटहून अधिक. आणि हा झाला एकाच स्रोताचा हिशेब. मधली एखादी रीळ मूळ निगेटिव्हवर मिळालीच नाही तर तेवढा तुकडा नंतरच्या पिढीच्या प्रतीवरून घ्यायचा आणि दोन्हींचा काळेपणा, ग्रेन (म्हणजे फिल्मचे दाणे), कडांची धार असं जुळवायचं, की सांधा कुठे आहे हे कळू नये.

ओरखड्यांच्या बाबतीत आमच्यासारख्या प्रेक्षकांचा एक गैरसमज असतो, की सगळे ओरखडे सारखेच. बेसच्या, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्टीच्या बाजूला पडलेला ओरखडा वेट गेटमध्ये, म्हणजे फिल्म द्रवात भिजवून स्कॅन करताना, आपसूक भरून निघतो. त्या द्रवाचा अपवर्तनांक फिल्मच्या बेसच्या इतका जवळ असतो, की प्रकाशाला चर जाणवतच नाही. इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, खरवडलं गेलं असेल तर मात्र तिथे चित्रच उरलेलं नसतं. ते शेजारच्या फ्रेमकडून उसनं आणावं लागतं. रंगीत फिल्मला इन्फ्रारेडचाही आधार असतो. रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ त्याला अडवते, त्यामुळे धुळीचा आयता नकाशा हाती येतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचंच, आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. नकाशा बाद. तिथली सफाई सॉफ्टवेअरच्या अंदाजावर आणि शेवटी माणसाच्या नजरेवर येऊन पडते.

तो अंदाज कसा चालतो हे एकदा नीट पाहिलं की तुमच्याविषयीचा आदर दुणावतो. एका फ्रेममध्ये आहे, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये नाही, ते म्हणजे धूळ: एवढाच त्या सॉफ्टवेअरचा तर्क. पण वळत्या सुरीच्या पात्यावर चमकलेली तिरीप अशीच असते. काडी ओढताना उडालेली ठिणगीही अशीच, आणि खिडकीबाहेरचा पाऊस तर सगळाच असा. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या शॉटमध्ये सफाई मोकाट सोडली, तर मधल्या एखाद्या फ्रेमला किल्लीचा दांडा शिल्लक राहतो आणि दाते उडून जातात. हा सेकंदाचा चोविसावा भाग. काय बिनसलं ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण हालचाल लुळी पडल्यासारखी वाटते, आणि पुढे पंचाईत अशी की तीच किल्ली पुरावा ठरणार असते. म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी सफाई झाल्यावर आधीची आणि नंतरची फ्रेम आलटून पालटून बघत बसतं आणि सॉफ्टवेअरने खाल्लेलं परत आणून ठेवतं. हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं असतं आणि ते नीट झालं तर कुणाच्याही लक्षात येत नाही.

ग्रेनला हात न लावल्याबद्दल वेगळे आभार. ग्रेन पुसलं की चेहरे मेणाचे होतात ही तक्रार सगळेच करतात. रहस्यपटात त्याहून मोठं नुकसान सावलीत होतं. अंधाऱ्या भिंतीचा पोत त्या दाण्यांनीच धरून ठेवलेला असतो. दाणे गेले की भिंत सपाट पडते आणि काळ्याकडून करड्याकडे जाणाऱ्या उतारावर पायऱ्या पायऱ्या दिसू लागतात. हे दाणे टिकवायला डिस्कवर जागाही लागते. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट मिळतात, ४के डिस्कवर त्याच्या दुपटीहून अधिक. स्ट्रीमिंगचा दर बहुधा याच्या बराच खाली असतो, आणि तिथे ग्रेनचे चौकोनी ठोकळे होतात. रहस्यपट डिस्कवरच पाहावा या आमच्या हट्टाचं मूळ हे आहे, आठवणींचा उमाळा नव्हे.

एक दृश्य विरत दुसरं उमटतं, त्याच्या थोडं आधी चित्र मऊ आणि दाणेदार होतं आणि ते संपलं की पुन्हा टोकदार. याला डिस्कचा दोष समजणारे पुष्कळ आहेत. तसे जोड त्या काळी ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्मचं पुन्हा छायाचित्रण करणाऱ्या यंत्रावर होत, म्हणजे तेवढा भाग प्रतीची प्रत असे. तुम्ही तो कृत्रिम धार लावून बाकीच्याच्या पंक्तीला बसवत नाही, हे उत्तम. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला रीळ बदलाची सूचना देणाऱ्या गोल खुणा राहिल्या तरी आमची हरकत नाही. २००० फुटांची रीळ मिनिटाला ९० फूट या वेगाने बावीस मिनिटं पुरते. संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी एक खूण आणि सुमारे एक सेकंद आधी दुसरी, दोन्ही वरच्या उजव्या कोपऱ्यात. शोधणाऱ्याला तेवढीच गंमत.

आता आवाज. इथे तुमची परीक्षा चित्राहून कठीण, असं आमचं मत आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही दशकं ऑप्टिकल मोनो ट्रॅक, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेला एकपदरी आवाज, थिएटरात वरच्या पट्ट्या मुद्दाम दाबून वाजवला जाई, आणि आवाजाचं मिश्रणही ते गृहीत धरूनच होई. वरच्या पट्ट्या तशा न दाबता ट्रॅक डिस्कवर चढवला तर ‘स’ आणि ‘श’ फुसफुसतात आणि फिल्मची खरखर पुढे येते. खरखर मुळापासून उपटायला गेलं तर तिच्याबरोबर खोलीची हवाही जाते. मग दोन संवादांच्या मध्ये आवाज बंद पडल्यासारखी पोकळी येते. दाराआड कुणी उभं आहे की नाही याकडे कान लागलेले असताना अशी पोकळी म्हणजे रसभंग.

फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या ‘एम’मध्ये कित्येक जागा मुळातच पूर्ण नि:शब्द आहेत. नंतरच्या एका आवृत्तीत तिथे आवाज भरले गेले होते. जीर्णोद्धारात ते काढून टाकले गेले, आणि ती शांतता परत अंगावर येऊ लागली. उलट बाजूचं उदाहरण हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चं. १९५८ च्या या चित्रपटाचा १९९६ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी जीर्णोद्धार केला, तेव्हा पावलं, दारं वगैरे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित झाले. चित्राला दाद मिळाली, आवाजावरून वाद झाला. पुढच्या काही डिस्कवर मूळ मोनो ट्रॅकही दिला गेला. हाच मार्ग आम्हाला पटतो: नवं मिश्रण खुशाल करा, पण मूळ मोनो त्याच्या शेजारी असू द्या.

तुमचं काम आमच्या खोलीत येऊन वाया जाऊ नये म्हणून या टोकाला काय करायचं, तेही पुस्तिकेतल्या टिपांमुळेच कळत गेलं. टीव्ही आधी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर. नितळ हालचालीची सोय, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि प्रकाशाचा सेन्सर, चारही बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असेल तर पडद्यावर दार उघडून उजेडाची पट्टी आली की लांबची भिंतही उजळते आणि कोपऱ्यात लपवलेला माणूस दोन क्षण आधीच उघडा पडतो. रंगछटा ‘वॉर्म’, नाहीतर कृष्णधवल चित्र निळसर पडतं. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्य, काहींवर मधोमध. काळ्या रेषेच्या कडेला पांढरी झालर दिसेनाशी होते ती जागा बरोबर.

काळ्या पातळीवर मात्र वेळ घालवावा, कारण सगळं तिथेच बिघडतं. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर डिस्कवरचं काळं १६ वर असतं आणि पांढरं २३५ वर; ही ‘लिमिटेड’ पद्धत, आणि सगळी मोजपट्टी वापरणारी ती ‘फुल’. प्लेअर आणि टीव्ही दोघांनीही ‘लिमिटेड’ धरलं पाहिजे. प्लेअर ‘लिमिटेड’ आणि टीव्ही ‘फुल’ असेल तर काळोख राखाडी होतो. उलट असेल तर गडद छटा बुडतात आणि जिन्याखाली उभा असलेला माणूस दिसतच नाही. मग चाचणीची पट्टी लावून, १६ पर्यंतच्या पट्ट्या पार्श्वभूमीत विरतील आणि १७-१८ पासूनच्या जेमतेम दिसतील तिथे ब्राइटनेस थांबवायचा. चित्र अंधारं वाटलं तर वाढवायचा तो बॅकलाइट. ब्राइटनेस वाढवला की काळं वर उचललं जातं आणि तुमची सगळी मेहनत धुक्यात जाते. काही टीव्हींवर ही नावं उलटसुलट असतात, तेव्हा नावाकडे न बघता पट्टीकडे बघावं. गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा, अंधाऱ्या खोलीत २.४, दिवा असेल तर २.२.

१.३७ च्या, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद चौकटीत दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. १०८० रेषांच्या पडद्यावर चित्र सुमारे १४८० पिक्सेल रुंद, म्हणजे दोहों बाजूंना साधारण २२० रिकामे. ‘एम’सारख्या १.१९ च्या चित्रपटात आणखी जास्त. ताणून भरायचं नाही, चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद. प्लेअरचं आउटपुट सेकंदाला २४ फ्रेमवर. जुन्या २५ फ्रेमच्या डीव्हीडीवर शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत उरकतो आणि आवाजही बहुधा अर्ध्या स्वराला थोडा कमी इतका चढतो. आवाजासाठी ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद, कारण ते कुजबुज आणि किंकाळी एकाच पातळीला आणून ठेवतात. मोनो ट्रॅकला ‘हॉल’सारखे परिणाम लावू नयेत. सेंटर स्पीकर असेल तर त्यातून एकट्यातूनच तो छान येतो.

जाता जाता दोन विनंत्या. मेनूमध्ये मूळ मोनो पहिला ठेवा, तिसऱ्या पानावर नको. आणि कोणती रीळ कोणत्या स्रोतावरून घेतली, हे पुस्तिकेत छापणं कृपा करून थांबवू नका. त्याच पानावर तुमची नावं दोन पॉइंटांनी मोठी छापायला प्रकाशकांना आम्ही वेगळं सांगत आहोतच.

आपले,
रहस्यपटांचे काही घरबसले प्रेक्षक