आपल्या बाजूचा वकील कोण होता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आफ्रिकेतल्या सरकारांना वीज प्रकल्पांचे नि खाणींचे करार करताना वकील मिळवून देणारी एक संस्था आहे, आफ्रिकन लीगल सपोर्ट फॅसिलिटी. आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या पुढाकाराने २००८ मध्ये झाली, ऑफिस आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला. परवा तळजाई टेकडीवर फिरताना तिचा विषय निघाला तर आमच्या ग्रुपमधले एक जण लगेच म्हणाले, अहो गुंतवणूक आणायचीय ना, मग वकील कशाला मधे घालता, वकील आले की पार्टी पळते. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की शेवटी म्हटलं पत्रच लिहावं.

आधी घरचंच सांगतो. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा करारनाम्याचा मसुदा बिल्डरच्या वकिलाने केलेला, आणि सोसायटीतर्फे जो वकील तो वाचणार होता त्याची फीसुद्धा बिल्डरच देणार होता. पुण्यात हे सर्रास चालतं आणि कोणाला त्यात काही वावगंही वाटत नाही, उलट 'फुकटात वकील मिळाला' म्हणून कमिटी खूश! तळमजल्यावरच्या एका काकूंनी (रिटायर्ड शिक्षिका, लाल पेन अजून सुटलेलं नाही) एका कलमावर गोल करून विचारलं, हे 'भाडे अँड/ऑर पर्यायी जागा' म्हणजे नक्की काय हो? म्हणजे असं, की आम्ही सगळे सहकारनगरच्या रेटने भाडं मिळणार म्हणून हिशोब करत बसलेलो, आणि बिल्डरला मात्र त्या एका तिरक्या रेघेच्या जोरावर आम्हाला लांब उंड्रीच्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये नेऊन टाकायची पूर्ण मुभा होती. मग घरटी सहा हजार काढले, स्वतःचा वकील केला, अकरा कलमं बदलून घेतली. बिल्डर पळाला का? अजिबात नाही, दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि सही केली.

आता मोठं उदाहरण, तेही आपल्याच राज्यातलं. एन्रॉन, दाभोळचा वीज प्रकल्प काढणारी अमेरिकन कंपनी. जून १९९२ मध्ये कंपनीची माणसं आली काय आणि काही दिवसांत एमओयू (प्राथमिक सामंजस्य करार) झाला काय, १९९३ च्या डिसेंबरात वीज खरेदी करार. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, आणि राज्याच्या वीज मंडळाने वीज उचलो न उचलो, प्लँट तयार असला की क्षमतेचे पैसे द्यायचेच, वर केंद्राची काउंटर गॅरंटी, म्हणजे राज्याने थकवलं तर केंद्राने भरायचं. वर्ल्ड बँकेने त्याच वर्षी हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. तरी झालं. १९९५ ला रद्द, १९९६ ला परत वाटाघाटी, १९९९ ला पहिला टप्पा सुरू, २००१ ला बंद. त्या कराराची आकडेमोड करून ओरडून सांगणाऱ्यांत आपल्या पुण्याची 'प्रयास' ही संस्था होती हे नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पण ते सगळं सही झाल्यावर, आणि फुकट. सहीच्या आधी अशाच कोणाला तरी फी देऊन सरकारच्या बाजूला बसवलं असतं तर?

आणि हे काही आपल्यापुरतंच नाही. पाकिस्तानात रेको डिक म्हणून तांब्या-सोन्याची खाण आहे, १९९३ चा करार, तो तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये रद्द ठरवला, कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात गेली आणि २०१९ ला पाकिस्तानवर जवळपास ५८० कोटी डॉलर बसले, खाणीतून तोवर काही निघालेलंही नव्हतं. नायजेरियात तर कमालच, २०१० मध्ये एका गॅस प्लँटचा करार झाला, प्लँट बांधलाच नाही, तरी २०१७ ला लवादाने ६६० कोटी डॉलर द्यायला लावले, व्याज धरून ते हजार कोटींच्या पुढे गेले. २०२३ मध्ये लंडनच्या कोर्टाने निकाल फिरवला कारण करार लाच देऊन झालेला आणि साक्ष खोटी. त्यातच हेही बाहेर आलं की नायजेरियाची स्वतःच्या वकिलांशी झालेली गोपनीय कागदपत्रं समोरच्या पार्टीकडे पोचत होती. म्हणजे नुसता वकील असूनही भागत नाही, आपलीच माणसं फितूर असली तर तो तरी काय करणार.

आता 'पार्टी पळते' याचं उत्तर. मध्य प्रदेशातला रीवा सोलर प्रकल्प बघा, ७५० मेगावॅट. वर्ल्ड बँक गटातली आयएफसी सरकारच्या बाजूने सल्लागार होती. पैसे थकले तर काय, आधी एलसी (बँकेचं हमीपत्र), मग वेगळा फंड, मग राज्याची गॅरंटी, असं एकाखाली एक लिहून ठेवलं, जमीन नि लाइनचंही बघितलं, आणि मग २०१७ मध्ये कंपन्यांकडून बोली मागवल्या. पहिल्या वर्षाचा दर आला २ रुपये ९७ पैसे, पुढे १५ वर्षं दरवर्षी ५ पैसे वाढ. त्या वेळी हा दर ऐकून लोक चाट पडले होते. कंपनी काही दानधर्म करत नव्हती हो, कागद स्वच्छ म्हणून तिची धास्ती कमी, बँकेचं व्याज कमी, म्हणून दर कमी. कच्च्या करारात हीच धास्ती कंपनी दरात घालते आणि ती आपण बिलातून भरतो.

मी काही वकिलांचा एजंट नाही, त्यांच्या फीचे आकडे ऐकून मलाही घाम फुटतो. पण हजारो कोटींच्या करारात फी वाचवणं म्हणजे पानसुपारीवर काटकसर करून लग्न कर्ज काढून करणं.

सध्या आपल्याकडे पंप स्टोरेजचे (पाणी वर चढवून वीज साठवायच्या प्रकल्पांचे) एमओयू होतात, गडचिरोलीत खाणी चालल्यात, तुमच्या पेपरात मंत्री आणि उद्योगपती फाइल हातात धरून हसतानाचे फोटो येतात. छापा, हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी तुमच्या बातमीदाराला तिथे एवढं विचारायला सांगा की ही फाइल आपल्या बाजूने कोणी वाचली, त्याची फी कोणी दिली, आणि करार मराठीत कधी बघायला मिळेल.

आपला एक जुना वाचक,
सहकारनगर, पुणे