घड्याळाला खात्री नसेल, तर त्याने तसे सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नव्याने धावू लागलेल्यांसाठी अलीकडे एक लेख आला होता. मनगटावरच्या घड्याळातील हृदयगतीचा आकडा पाहत ‘झोन टू’मध्येच, म्हणजे सहज बोलत धावता येईल अशा हृदयगतीच्या संथ टप्प्यातच धावावे, असा सल्ला त्यात होता. सुरुवातीला संथ धावावे हे अगदी बरोबर आहे, त्याबद्दल लेखकाशी माझा वाद नाही. परंतु तो आकडा घड्याळ कसा काढते, त्यावर कधी विसंबावे आणि कधी विसंबू नये, याविषयी लेखात एक ओळही नव्हती. मी साताऱ्यात राहते, अकरा वर्षे धावते आहे आणि निवृत्तीपर्यंत शाळेत विज्ञान शिकवत होते. हा आकडा पाहून घाबरणारी आणि निर्धास्त होणारी, अशी दोन्ही प्रकारची माणसे मी रोज पहाटे पाहते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी माझाच अनुभव सांगते. यवतेश्वरचा घाट चढून झाल्यावर उतारावर मी अगदी सावकाश, शेजारणीशी बोलत धावत होते आणि घड्याळ मिनिटाला १७२ ठोके दाखवत होते. माझे वय ५८. दोनशेवीस वजा वय या सर्वपरिचित सूत्राप्रमाणे माझी कमाल हृदयगती १६२ निघते. म्हणजे घड्याळाच्या मते मी कमाल मर्यादेच्याही पुढे होते आणि तरीही मला धाप लागलेली नव्हती. मी थांबले आणि लगेच दोन बोटे मानेवर ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली. ३१ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १२४. पुन्हा धावू लागल्यावर मी अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा जमिनीवर पडतो ते मोजले. तो ४३ वेळा पडला, म्हणजे दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १७२ पावले. घड्याळ माझे हृदय नव्हे, माझी पावले मोजत होते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घड्याळाच्या पाठीमागे हिरवे दिवे असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे परत येणारा प्रकाश त्या क्षणी थोडा कमी होतो, आणि ही चढउतार टिपून घड्याळ ठोके मोजते. मात्र हा फरक एकूण प्रकाशाच्या मानाने फारच लहान असतो. धावताना हात हलतो, घड्याळ त्वचेवर सरकते, कातडीखालचे रक्तही हिंदकळते आणि यातून निर्माण होणारा फरक खऱ्या नाडीच्या फरकापेक्षा पुष्कळ मोठा असू शकतो. घड्याळातील हालचाल-मापकाच्या मदतीने ही गडबड वजा केली जाते खरी, पण पावलांची लय ठळक आणि नाडीचा संकेत क्षीण झाला, की गणित पावलांनाच नाडी समजून बसते. बहुतेक धावकांची पावले मिनिटाला १६० ते १८० या टप्प्यात पडतात आणि तो आकडा हृदयगती म्हणूनही सहज खपून जातो. वाचणाऱ्याला शंका येत नाही, ती यामुळेच.

छातीवर बांधायचा पट्टा, ज्याला आम्ही नुसते स्ट्रॅप म्हणतो, वेगळ्या तत्त्वावर चालतो. हृदयाचे स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणारे विद्युत संकेत तो थेट टिपतो, म्हणजे ईसीजीच्या जातकुळीतला आहे. फिनलंडमधील पोलर कंपनीने १९८२ साली असे बिनतारी साधन बाजारात आणले, तेव्हापासून खेळाडू ते वापरत आहेत. आपल्या भाषेत ‘नाडी’ आणि ‘हृदयाचा ठोका’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि इथे तो भेद नेमका उपयोगी पडतो: पट्टा ठोका मोजतो, घड्याळ नाडी मोजते. निरोगी माणसात दोन्ही संख्या एकच असतात. पण हृदयाची लय अनियमित असेल, तर काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे ज्याला अचूक आकड्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच बाबतीत मनगट कमी सांगण्याची शक्यता असते.

याविषयी झालेले अभ्यासही सरसकट निंदेचे किंवा सरसकट प्रशस्तीचे नाहीत. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून ईसीजीशी तुलना केली. पूर्ण मेळ म्हणजे १ असे धरल्यास छातीच्या पट्ट्याचा मेळ ०.९९ आला, तर मनगटावरच्या चार साधनांचा ०.८३ ते ०.९१. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली ६० जणांवर सात साधने तपासली. त्यांपैकी सहांची हृदयगतीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्याच साधनांनी सांगितलेल्या उष्मांकांत सर्वांत चांगल्या साधनाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. तेव्हा घड्याळाने दाखवलेल्या कॅलरींच्या भरवशावर ताटात काय वाढून घ्यायचे हे कुणी ठरवू नये. त्वचेच्या रंगाविषयी आपल्याकडे नेहमी प्रश्न येतो, कारण गडद त्वचेतील मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषते. स्टॅनफर्डच्या पाहणीत गडद त्वचेवर चूक अधिक आढळली होती. ड्यूक विद्यापीठाने २०२० साली ५३ जणांवर केलेल्या तपासणीत मात्र रंगाने लक्षणीय फरक पडला नाही. कोणते साधन आहे आणि माणूस काय करत आहे यानेच तो पडला आणि विश्रांतीच्या तुलनेत हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी वाढली.

प्रयोगशाळेतले ट्रेडमिल आणि आपले रस्ते यांत अंतर आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. आमच्या गटातील अनेक जणी हातात बांगड्या घालून धावतात. त्या बांगड्या घड्याळाला ढकलत मनगटाच्या हाडावर नेतात, तिथे घड्याळ तिरपे बसते आणि खालून बाहेरचा उजेड शिरतो. पावसाळ्यात घड्याळाचा पट्टा ओला होऊन सैल पडतो. थंडीत, विशेषतः पहाटे, शरीर त्वचेकडचा रक्तपुरवठा आवरते आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे आकडा भलतीकडेच फिरत राहतो. सायकलवर मूठ घट्ट आवळलेली असते आणि हँडलचे हादरे बसतात. व्यायामशाळेत वजन उचलतानाही मनगटाचे स्नायू असेच ताठ होतात. त्यातच एक मिनिट जोराने चढ आणि एक मिनिट विश्रांती अशा सरावात घड्याळ काही क्षण मागे राहते, त्यामुळे हृदयगतीच्या आलेखातले शिखर ठेंगणे आणि दरी उथळ दिसते.

वाढीव आकड्याने माणूस घाबरतो, पण त्याहून मला भीती वाटते ती कमी आकड्याची. आमच्या एका साठी ओलांडलेल्या सहधावकांना चढावर वाक्य पुरे करता येत नव्हते आणि तरीही ते थांबायला तयार नव्हते, कारण घड्याळात ११२ होते आणि “मी अजून झोनमध्येच आहे” असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना हाताला धरून कठड्यावर बसवले आणि नाडी मोजली, ती १५६ भरली. सुदैवाने त्यांना काही झाले नाही. परंतु शरीर एक सांगत असताना शहाण्यासवरत्या माणसाने पडद्यावर विश्वास ठेवला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

शिवाय झोन ज्या कमाल गतीवरून आखले जातात, ती सूत्रेच ढोबळ आहेत. २२० वजा वय हे सरासरीचे सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक पडणे अगदी सामान्य आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी घेणाऱ्याची गती तर औषधानेच खाली राहते, त्याला हे कोष्टक लागू पडत नाही. आमच्या वयोगटात अशी माणसे थोडीथोडकी नाहीत आणि त्यांनी स्वतःचे झोन डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

घड्याळे टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही. झोपेतली आणि सकाळी उठतानाची नाडी ती चांगली सांगतात. माझी विश्रांतीची नाडी काही वर्षांत ६८ वरून ६० वर आली हे मला घड्याळामुळेच कळले, आणि ताप येण्याच्या आदल्या दिवशी ती वर चढलेली मी दोनदा पाहिली आहे. एकसारख्या गतीने चालताना किंवा अंग तापल्यावर संथ धावतानाही आकडा बहुधा बरोबर असतो. माझी तक्रार एवढीच आहे की खात्रीचा आकडा आणि अंदाजाने ठोकलेला आकडा घड्याळ एकाच ठळक अक्षरांत दाखवते. परत येणारा संकेत किती स्वच्छ आहे हे आतल्या गणिताला ताडता येते. मग संकेत गढूळ असेल तेव्हा आकडा फिका करावा, किंवा त्या जागी रेघ दाखवावी. संकेत पूर्ण तुटल्यावर काही घड्याळे रेघ दाखवतातही, पण चुकीची लय पकडल्यावर तीच घड्याळे ठामपणे बोलत राहतात. ‘हे वैद्यकीय साधन नाही’ असे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापल्याने कंपनीची जबाबदारी संपते असे मला वाटत नाही. चालणे, धावणे, सायकल आणि वजने यांत प्रत्येकी किती चूक आढळली, ते खोक्यावर छापावे आणि महाराष्ट्रात विकताना मराठीत छापावे.

आपल्याकडे मात्र माझी विनंती सोपी आहे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या आधी किंवा आमच्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनच्या आधी आपण सरावाची वेळापत्रके छापता. त्यांत झोनच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी द्याव्यात: घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर आणि घट्ट बांधावे, चढाचा व जोराचा सराव आकड्यावर करायचाच असेल तर छातीचा पट्टा वापरावा, आणि शंका आली की थांबून पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणावी. धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का, ही जुनी कसोटीही सोबत द्यावी. छातीत दुखले, भोवळ आली किंवा धडधड थांबेना, तर घड्याळात काहीही असो, धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे, हे चौकटीत छापले तर फार बरे होईल.

आपली नम्र,
एक धावक व निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा