घाट चढताना गाडी का तापते?

महोदय,

सुटी संपवून गोव्याहून बेळगावला परतताना चोर्ला घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. जाताना उतार असल्याने इंजिनाच्या कूलिंगमधली खोट झाकली जाते, येताना चढावर उघडी पडते. माणसे पाच, डिकी काजूच्या पिशव्यांनी भरलेली, एसी चालू आणि पुढे रांगणारा ट्रक. वेग नसला की इंजिनाचे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरला वारा लागत नाही, सगळा भार त्याच्या पंख्यावर येतो. म्हणून निघण्याआधी इंजिन चालू करून एसी लावा. बॉनेटखालचा हा पंखा फिरला नाही तर घाट चढूच नका.

तापमानाचा काटा वर सरकला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. वाफ दिसली तर मात्र गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण उघडायची घाई नको: आत दाब असतो, उकळते पाणी थेट तोंडावर येते. किमान अर्धा तास थांबा, मग जाड फडके धरून हळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू शकते, आणि तो खर्च अख्ख्या सहलीपेक्षा मोठा!

चढावर रांगेत क्लच अर्धा दाबून (हाफ क्लचवर) गाडी धरू नये, हँडब्रेक ओढावा. जळका वास आला म्हणजे क्लचप्लेट जळत चालली. स्टेपनीतली हवा घरीच तपासा. घाटाजवळच्या कणकुंबी गावाच्या पुढे मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही.

– एक मेकॅनिक, खानापूर