‘नवशिक्यांसाठी फिशिंग किट’ : सदोष माल आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

माझ्या पुतणीला दहावीच्या परीक्षेनंतर रॉडने गरवायला शिकायचे होते. दोन हजारांच्या आत पहिला रॉड आणि रील घ्यायचे ठरवून आम्ही आपल्या संकेतस्थळावरून १,८९९ रुपयांचा संच मागवला. जाहिरातीत ‘समुद्र, खाडी, नदी, सर्वत्र उपयुक्त’, ‘१२+१ बेअरिंग’ आणि ‘०.३० मिमी तंगूस (गरवण्याची नायलॉनची दोरी), ताकद २० किलो’ असे स्पष्ट लिहिले होते. बेअरिंग म्हणजे रील हलके फिरावे म्हणून आत बसवलेल्या गोळ्यांच्या कड्या. यातला एकही दावा खरा ठरला नाही.

भाट्ये खाडीच्या काठावर भरतीच्या वेळी कोळंबी लावून बसलो असताना पुतणीच्या गरीला तांबोशी मासा लागला. तांबोशी लागली की पहिल्याच झटक्यात खडकाकडे किंवा कांदळवनाच्या मुळांकडे धावते. त्या वेळी रीलने तंगूस थोडाथोडा सोडायला हवा. ड्रॅग, म्हणजे रीलचा घट्ट-सैल करता येणारा ब्रेक, असतो तो त्यासाठीच. आपल्या रीलचा ड्रॅग आधी नुसता घसरत राहिला. अर्धा फेरा घट्ट केल्याबरोबर जागीच जाम झाला आणि तंगूस तुटला. मासा गरी तोंडात घेऊन गेला, याचे पोरीला फार वाईट वाटले, आणि मलाही.

नंतर रॉड नीट पाहिला. ज्यातून तंगूस जातो त्या टोकाच्या कडीतले सिरॅमिकचे वळे गळून पडले होते. उघड्या पत्र्याची धार तंगूसावर घासून शेवटचा हातभर भाग इतका खरबरीत झाला होता की नखाला लागत होता. रील बाजारात गरवण्याचे सामान विकणाऱ्या दुकानदाराकडे खोलून घेतले. आत बेअरिंग दोनच, बाकी सगळे प्लास्टिकचे बुश. दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवूनही बेलचा, म्हणजे रीलवर तंगूस गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीचा, स्क्रू गंजला आहे. ०.३० मिमीच्या साध्या नायलॉन तंगूसाची ताकद साधारण सहा-सात किलोपर्यंत असते. २० किलो हा आकडा छापलाच कसा?

आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर तर त्याहून धक्कादायक होते : ‘खाऱ्या पाण्यात वापरल्यास वॉरंटी लागू नाही.’ मग समुद्रासाठी म्हणून विकता कशाला? कोकणातला माणूस गोडे पाणी शोधायला कुठे जाणार?

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. या संचात पिशवी, पक्कड, रंगीत प्लास्टिकचे मासे, घुंगरू, छोटी डबी असे कितीतरी सामान भरले आहे. ते पाहून नवखा माणूस भुलतो, आणि खरा खर्च जिथे व्हायला हवा तिथेच काटछाट झालेली असते. त्यापेक्षा सात फुटांचा, दोन तुकड्यांचा, कड्या पक्क्या असलेला फायबरग्लासचा रॉड, आणि ३००० किंवा ४००० साइजचे, बेअरिंग तीनच असले तरी ड्रॅग सुरळीत चालणारे रील द्या. सोबत खरी ताकद छापलेला तंगूस. सुरुवातीला एवढे पुरते. गरी आणि शिसे दुकानात सुटे मिळते. घडीचा टेलिस्कोपिक रॉड पुळणीवर तर नकोच. सांध्यांत वाळू शिरली की तो धड उघडत नाही की मिटत नाही.

खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता नाही, उत्पादनाचा देशही छापलेला नाही. वेष्टनबंद मालावर ही माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे.

माझ्या मागण्या अशा : पूर्ण रक्कम परत करावी, माल परत नेण्याचा खर्च आपण सोसावा, आणि बेअरिंगची संख्या, तंगूसाची ताकद व समुद्रातील वापर हे तिन्ही दावे जाहिरातीतून काढावेत किंवा दुरुस्त करावेत. तिसरी मागणी माझ्यासाठी पैशांइतकीच महत्त्वाची आहे, कारण परीक्षा संपल्या की पहिला रॉड घेणारी मुले पुष्कळ असतात आणि त्यांचे पैसे साठवलेले असतात.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
रत्नागिरी

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तुटलेली कडी, खोललेले रील आणि खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, ग्राहक सेवेचे उत्तर.