२०१६ च्या स्विफ्टसाठी जुन्या मॉडेलचा बंपर पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन स्पेअर पार्ट विक्री विभाग

महोदय,

माझ्या २०१६ च्या स्विफ्टसाठी तुमच्याकडून पुढचा बंपर, फॉग लॅम्पची कव्हरं आणि बारा क्लिपा मागवल्या. तुमच्या वेबसाइटवर बंपरखाली ‘२०११ ते २०१७, सर्व मॉडेल’ असं लिहिलं आहे. सोबतच्या कागदावर ‘आधी रंगवून घ्या, मग बसवा’ अशी सूचना होती. तिच्याप्रमाणे पेंटरला १,८०० रुपये देऊन बंपर रंगवून घेतला.

रविवारी सकाळी कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि माझी मुलगी कामाला लागलो. बॉनेट उघडून वरच्या क्लिपा काढल्या, चाकं वळवून आतले स्क्रू सोडवले, मग खालचे बोल्ट आणि फॉग लॅम्पची वायर. जुना फुटका बंपर दोघांनी दोन टोकांना धरून अलगद ओढून काढला. इथवर सगळं नीट झालं. नवा लावायला गेलो तर ग्रिल जागेवर येईना, फॉग लॅम्पची कव्हरं खाचेत बसेनात. आपलंच काही चुकतंय असं वाटून दोन तास झटलो. मुलगी म्हणाली, “बाबा, जोर लावू नका, बंपरचे अडकवायचे कान तुटतील.” तिचं ऐकलं म्हणून तुमचा बंपर आजही अखंड आहे.

सोमवारी फोटो घेऊन नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, “हा चौदाच्या आधीचा.” ऑक्टोबर २०१४ मध्ये या गाडीचा पुढचा भाग बदलला, तेव्हापासून बंपर आणि ग्रिल वेगळे आहेत. तुम्ही कव्हरं नंतरची पाठवलीत आणि बंपर आधीचा! शेवटी फुटका बंपरच तारेने बांधून आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सिंहगड रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर जीव मुठीत धरून गाडी चालवली.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं, “रंगवलेला माल परत घेत नाही, आणि घरी बसवलात तर जबाबदारी तुमची.” हे मला मान्य नाही. रंगवायला तुम्हीच सांगितलंत. आणि हा बंपर कुठल्याही गॅरेजमध्ये नेला असता तरी माझ्या गाडीला बसला नसता. जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या ईमेलला नऊ दिवस झाले, पोचही आलेली नाही.

बंपर तुमच्या खर्चाने घेऊन जा. त्याची आणि कव्हरांची पूर्ण रक्कम व रंगाचे १,८०० रुपये परत करा. क्लिपा चांगल्या आहेत, त्या मी ठेवतो. वेबसाइटवर २०१४ च्या बदलाआधीचा आणि नंतरचा बंपर वेगवेगळा दाखवा. माझ्यासारखे कितीतरी जण हे काम घरी करतात. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

पावती, पेंटरचं बिल आणि दोन्ही बंपर शेजारी ठेवून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे