विकलेला गेम परत घेण्याचा अधिकार कुणाचा? केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

३१ मार्च २०२४ रोजी युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा गेम लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतला होता. अनेकांच्या कपाटात त्याची डिस्क अजून आहे. एकट्याने खेळायची मोठी कथाही त्यात होती. पण गेम चालायला कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायचीच, त्यामुळे सर्व्हर गेला तसा गेमही गेला. पुढे ग्राहकांच्या खात्यांतून त्याचा परवानाच काढून घेतल्याच्या तक्रारी आल्या. कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंनी दावा लावला, तेव्हा कंपनीने बचाव मांडला की त्यांना गेमची मालकी कधी मिळालीच नव्हती, मिळाला होता तो वापराचा मर्यादित परवाना.

या कंपनीने २००८ साली पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि २०१८ साली मुंबईत नवा काढला. तिचे गेम इथे बनतात आणि इथेच विकलेही जातात. उद्या हाच बचाव ती किंवा दुसरी कोणतीही कंपनी इथल्या ग्राहकासमोर मांडू शकते, आणि त्याला उत्तर द्यायला आपल्या ग्राहकाच्या हातात आज फारसे काही नाही. म्हणून हे पत्र.

दरमहा वर्गणी भरून गेम भाड्याने खेळायच्या सबस्क्रिप्शनला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राचा, नवा मोठा गेम चार-पाच हजार रुपयांना पडतो. कॉलेजातल्या मुलाला तेवढ्या पैशांत कित्येक महिन्यांची वर्गणी भरता येते आणि शेकडो गेम चाळून बघता येतात. छोट्या स्टुडिओंचे वेगळ्या धाटणीचे गेम एरवी कुणी विकत घेतले नसते, ते या वाटेने हजारो घरांत पोचले. भाड्याने घेतलेली वस्तू मुदत संपली की परत जाणार, हे ग्राहकाला माहीत असते आणि ते त्याला मान्यही असते.

पण भाडे वाढवायचे अधिकार एकाच बाजूकडे असतात. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट ही मायक्रोसॉफ्टची वर्गणीची योजना. ती २०१९ साली अमेरिकेत महिना १४.९९ डॉलरला सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा दर २९.९९ डॉलर झाला. भारतातल्या नव्या ग्राहकांसाठीही त्या वेळी दर वाढले. यादीतले गेम येतात आणि जातात; 'जीटीए ५' हा गाजलेला गेम तर या सेवेत अनेकदा आला आणि अनेकदा गेला. माझ्या भाच्याने एका सेवेवर असलेल्या गेमची जोडकथा, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळा विकला जाणारा भाग, स्वतःच्या खाऊच्या पैशांतून विकत घेतली. काही महिन्यांनी मूळ गेम यादीतून निघाला. जोडकथा त्याच्या खात्यात आजही 'तुमची' म्हणून दिसते, पण मूळ गेम पुन्हा पूर्ण किमतीला घेतल्याशिवाय ती उघडत नाही. पैसे भरताना त्याला याची सूचना कुठेही दिसली नव्हती. तेरा वर्षांच्या मुलाने ती अटींच्या पानात शोधून काढावी, अशी अपेक्षा आपला कायदा करतो का?

वर्गणी नको असेल तर गेम विकत घ्या, असे सांगितले जाते. हा पर्यायच दर वर्षी आक्रसत चालला आहे आणि मला खरी काळजी त्याची आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास वाढलेल्या माझ्या पिढीसाठी डिस्क ही खरी मालमत्ता होती. गेम खेळून झाला की ती मित्राच्या डिस्कशी बदलायची, नाहीतर सेकंड हँड विकायची आणि त्या पैशांत पुढची घ्यायची. मध्यमवर्गीय घरातला मुलगा महागडे गेम खेळू शकला तो या उलाढालीमुळे. २०२० चा एक्सबॉक्स सिरीज एस हा कन्सोल डिस्कच्या खाचेशिवाय आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या सोनीच्या पीएस५ प्रो या कन्सोलला डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. मे २०२५ मधल्या 'डूम: द डार्क एजेस'च्या डिस्कवर जेमतेम ८५ एमबी भरले होते, बाकी सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलसाठी जून २०२५ पासून काही गेम अशा कार्डवर मिळतात ज्यात गेम नसतोच, फक्त तो डाउनलोड करण्याची किल्ली असते. कार्ड निदान दुसऱ्याला विकता तरी येते. पण डाउनलोडचा सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवसानंतर त्या प्लास्टिकला काही अर्थ उरणार नाही.

आपल्याकडे दुकानांत पाटी असायची, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. सदोष माल दुकानदाराने परत घेतलाच पाहिजे, यासाठी ग्राहक चळवळ त्या पाटीविरुद्ध उभी राहिली. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत, आणि त्या कामातून तयार झालेल्या दबावाचा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोठा वाटा आहे. आज विक्रेताच विकलेला माल आपणहून परत नेतो आहे, तेही पैसे परत न करता. अशी वेळ येईल, हे १९८६ साली कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. २०१९ चा नवा कायदा करतानाही या प्रश्नाचा थेट विचार झालेला दिसत नाही.

तरी त्या कायद्यात एक धागा आहे. कलम २(४६) मध्ये 'अन्याय्य करार' म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एकाच पक्षाला देणारी अट त्यात मोडते. गेम कंपन्यांच्या परवान्यातली 'आम्ही केव्हाही सेवा थांबवू शकतो' ही ओळ मला नेमकी तशीच वाटते. अडचण पुढे आहे. अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाला ऐकता येत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज घरबसल्या करता येतो हे खरे. पण चार हजारांच्या गेमसाठी परदेशी कंपनीच्या वकिलांसमोर राज्य आयोगात उभा राहणारा ग्राहक मला तरी दिसत नाही. कलमाचा धाक नाही, कारण ते कुणी वापरतच नाही.

इतरत्र हालचाल झाली आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून नियम लागू केला: कायमचा डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येणार नाही अशी डिजिटल वस्तू 'विकत घ्या' म्हणून खपवायची असेल, तर तो फक्त परवाना आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगावे लागते. युरोपात विकलेले गेम बंद पाडू नयेत अशी मागणी करणाऱ्या नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. रॉस स्कॉट या युट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'द क्रू'च्या निमित्तानेच ही चळवळ सुरू केली होती.

कॅलिफोर्नियाचा नियम मला अपुरा वाटतो. घरात येणाऱ्याला 'हे घर केव्हाही काढून घेऊ' असे आधी बजावले, म्हणून त्याला नंतर बाहेर काढणे न्याय्य ठरत नाही. आपल्याला पुढे जायला हवे. गेम वर्गणीवर न देता कायमचा विकला असेल, तर सेवा थांबवताना कंपनीने तो ऑफलाइन किंवा ग्राहकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालेल अशा अवस्थेत सोडावा, आणि ते खरोखरच अशक्य असेल तर पैसे परत करावेत. जुने सर्व्हर कायम चालवायला लावणे परवडणार नाही, असे उद्योग म्हणतो. ते मान्य आहे, आणि तशी मागणीही नाही. शेवटचे एक अपडेट द्या आणि मग सर्व्हर खुशाल बंद करा. युबीसॉफ्टनेच टीका झाल्यावर 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. त्यामुळे तांत्रिक अडचणीची सबब सरसकट मान्य करू नये. गुगलने जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा बंद करताना ग्राहकांनी घेतलेल्या गेमचे पैसे परत केले होते. मोठ्या कंपनीला हेही जमते. जीओजीसारखे गेमचे ऑनलाइन दुकान तर कोणतेही कुलूप न लावलेली इन्स्टॉलर फाइल ग्राहकाच्या हाती देते आणि तरीही धंदा करते.

वर्गणीच्या बाबतीत माझ्या मागण्या लहान आहेत. गेम यादीतून निघण्याची किमान तीस दिवस आधी सूचना, आणि अशा गेमची जोडकथा विकताना मूळ गेम भाड्याचा आहे हे किमतीशेजारीच लिहिणे. हे आपल्याला जमणार नाही असे नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डवरून आपोआप पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले. बड्या परदेशी सेवांना काही काळ त्रास झाला, मग त्या जुळवून घेत्या झाल्या.

आपल्या अखत्यारीतल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळे आणि ॲपवरच्या फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. सबस्क्रिप्शनचा सापळा हा त्यातला एक. सहज सुरू होणारी वर्गणी बंद करणे मात्र अवघड, मुख्यतः अशा अडवणुकीबद्दल तो प्रकार आहे. विकलेली डिजिटल वस्तू परत घेणे त्यात बसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, तीही गरजेची होती. पण पैसे देऊन साधा गेम घेणाऱ्या ग्राहकाचे पुढे काय, यावर तो काही सांगत नाही.

हा प्रश्न फक्त छंदाचा नाही. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळले. पुण्या-मुंबईत, हैदराबाद-बंगळुरूत आज जी तरुण मुले गेम बनवत आहेत, त्यांचेही काम वीस वर्षांनी कुणाला उघडून बघता यावे, असे मला वाटते.

म्हणून विनंती अशी: प्राधिकरणाने डिजिटल वस्तूंच्या विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा करावा आणि येत्या २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनापूर्वी तो जनतेच्या सूचना व हरकतींसाठी खुला करावा. कमी रकमेच्या अन्याय्य करारांच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नेता याव्यात, यासाठी कायद्यात दुरुस्तीचा प्रस्ताव मांडावा. मसुदा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी आणि इतर भारतीय भाषांतही द्यावा. हे गेम घेणारी बरीच मुले त्याच भाषांत शिकतात आणि त्यांनाही आपले म्हणणे कळवायचे आहे.

आपला,
नाशिकचा एक ग्राहक