सागरेश्वरच्या माथ्यावर पाहुण्यांना ने

पलूस

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर बंगळूरच्या मैत्रिणी येणार आणि त्यांना महाबळेश्वर दाखवायचा तुझा बेत आहे, हे कळलं. खुशाल जा. पण त्यातला एक दिवस मला दे आणि त्यांना आधी आपल्या सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगरावर ने. मेसेजमध्ये एवढं मावत नाही, म्हणून सविस्तर पत्रच लिहितेय.

तू शाळेच्या सहलीतून गेली होतीस, पण तेव्हा तुम्ही पोरं हरणं बघायच्या नादात होता. वरच्या टोकावरच्या पॉइंटवर गाईडनं नेलं तरी खाली काय दिसतंय हे कुणी समजावून सांगितलं नसणार. मला ते तुला सांगायचंय, कारण पाहुण्यांना तिथं उभं करून सांगणारी तूच असणार आहेस.

हा डोंगर आहे त्या रूपात निसर्गानं दिलेला नाही, हे पहिलं सांग. आपला हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कोयनेकडं ढग फुटतात आणि इथं येईतो त्यांच्यात फार काही उरत नाही. त्यात चराई आणि लाकूडतोड, म्हणून डोंगर बोडका झालेला. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, माणसं जोडली, झाडं लावून घेतली आणि ती जगवली. लावणं सोपं असतं गं, जगवणं अवघड. अशा मुरमाड उतारावर गुरं आणि कुऱ्हाड थांबली की आधी गवत येतं. गवताची मुळं माती धरतात, मातीत पाणी मुरायला लागतं, तेव्हा कुठं रोपाला दुसरा उन्हाळा काढता येतो. सगळीकडनं कुंपण घातलं, चितळ-सांबर आणून सोडली आणि 1985 साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. ज्यांनी मोठी जंगलं बघितलीत त्यांना हे टीचभर वाटेल. पण माणसांनी हातानं उभं केलेलं रान म्हणून बघितलं तर मला तरी ते फार मोठं वाटतं.

एक बाजू मात्र लपवू नकोस. हरणं वाढली आणि कुंपण मोडलं तिथनं शिवारात उतरायला लागली. डोंगराकडेच्या शेतकऱ्यांचं हाताशी आलेलं पीक जातं, रात्र रात्र राखण करावी लागते. जंगलाचं कौतुक करताना ते कुणाच्या खर्चानं जगतंय हेही पाहुण्यांना कळू दे.

आता वरून काय दिसतं ते. कृष्णा दिसते, लांबवर वळणं घेत गेलेली, आणि तिच्या दोन्ही अंगाला उसाचा हिरवा पट्टा. दिवाळीच्या सुमारास ऊस भरात असतो. हीच नदी 2019 च्या ऑगस्टात काठावरच्या आपल्या कितीतरी गावांत शिरली होती. तेव्हा तू फोनवर किती घाबरली होतीस, आठवतंय का? मैत्रिणींना नदी शांत दिसेल, पण तिचं तेही रूप सांग.

मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बघायला लाव. तिकडं कडेगाव, खानापूर, हा दुष्काळाचा मुलूख. कृष्णेचं पाणी आपणहून तिकडं चढणार नव्हतं. ताकारी योजनेनं ते पंपांनी उपसून वर नेलं आणि कालव्यात सोडलं. तुझ्या आजीचं माहेर त्या बाजूचं. हंड्यासाठी पहाटे उठणाऱ्या बायका तिनं बघितल्या होत्या. त्या शिवारात ऊस आणि द्राक्षं बघताना मला अजून भरून येतं.

खाली रेल्वेची रेघ दिसेल. त्याच मार्गावर किर्लोस्करवाडी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं. आणि वर कराडच्या दिशेला शेणोली. 7 जून 1943 ला इंग्रजांविरुद्ध स्वतःचं राज्य चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या माणसांनी तिथंच रेल्वेचा पगार नेणारी गाडी अडवून लुटली, इंग्रजांच्या राज्यात! जी. डी. बापू लाड आपल्या कुंडलचे, त्यात ते होते. तुझ्या मैत्रिणींनी सातारचं हे प्रतिसरकार, म्हणजेच पत्रीसरकार, ऐकलं नसेल तर निवांत बसून सांग. तेव्हा आपला हा भाग साताऱ्यातच होता.

उतरताना सागरेश्वरच्या देवळांत जा. जुनी, दगडी, एकाला लागून एक आहेत. श्रावणी सोमवारी पाय ठेवायला जागा नसते, इतर वेळी शांत. तिथनं देवराष्ट्रे अगदी जवळ आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथं आजोळी झाला, 12 मार्च 1913 ला. ते घर जपून ठेवलंय, तेही दाखव.

उन्हाळ्यात मात्र कुणाला आणू नकोस. हे पानगळीचं रान आहे, चैत्रात सगळा डोंगर काटक्यांचा दिसतो आणि माणूस हिरमुसून परत जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंतच खरं बघण्यासारखं. सकाळी लवकर निघा, ऊन चढलं की हरणं सावलीत बसतात. वर खायला-प्यायला काही मिळेल या भरवशावर राहू नका. मी भाकरी, खर्डा, शेंगादाण्याची चटणी आणि पिठलं बांधून देईन. पाणी जास्तीचं घ्या. रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या खाली घेऊन या, हे मैत्रिणींनाही सांग. माकडांना काही खायला घालू नका, ती मग माणसांच्या हातावर झडप घालतात.

बाबांनी गाडीचं बघतो म्हटलंय. वरपर्यंत चालायचं असेल तर बूट आणा, खडी फार आहे. किती जणी येणार आणि कुणाला तिखट चालत नाही, एवढं दोन दिवसांत कळव, म्हणजे खर्डा त्या बेतानं करते.

तुझी,
आई